चावून पाहिलेलं पुस्तक

मोहरील वकिलांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पुस्तक खात होते.

वाचत होते असं लिहायचं असेल आणि माझा हात घसरला असेल, असं कुणाला वाटेल, म्हणून आधीच सांगतो: खातच होते. अमरावतीला राजापेठेत मी खोली शोधत हिंडत होतो. कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकताच लागलो होतो. साताऱ्याहून आणलेली वळकटी एका मित्राच्या पलंगाखाली पडली होती आणि तो मित्र आता ती पाहून मोठ्यानं सुस्कारे टाकायला लागला होता. कुणीतरी सांगितलं, मोहरील वकिलांकडे बघा, मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. गेलो. ओसरीवर खाली धोतर, वर काळा कोट अशा थाटात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ पाटावर बसले होते. दोन्ही हातांत एक जाडजूड चौकोनी वस्तू, डोळे मिटलेले, आणि त्या वस्तूचा एक कोपरा दाढेखाली.

मी खोलीचं विचारलं. त्यांनी बोट वर करून मला थांबवलं, आणखी थोडं चावलं आणि मग डोळे उघडले.

"कडू लागून राहिलं," ते म्हणाले. "तुमी पाहा बरं."

उपरण्यानं दुसरा कोपरा पुसून त्यांनी तो माझ्या तोंडासमोर धरला. वऱ्हाडातली माणसं आल्यागेल्याच्या तोंडात काहीतरी घातल्याशिवाय त्याला सोडत नाहीत, असं मी ऐकून होतो. ते इतकं शब्दशः असेल असं वाटलं नव्हतं. पण खोलीची गरज मोठी होती. मी चावलं. खरोखरच कडू होतं. यात कडुनिंब आहे का, असं मी भीतभीत विचारलं.

वकील खूश झाले. पुस्तकं खाणारी कसर लागू नये म्हणून चिकटवायच्या खळीत निंबाचा पाला उकळून घातला होता, असं त्यांनी सांगितलं. "पण कसरीनं नाही खाल्लं आणि लेकरानंही तोंडात नाही धरलं, तर उपयोग काय? अजून पक्कं नाही." मग त्यांनी माझा धंदा विचारला. रसायनशास्त्र म्हटल्याबरोबर खोली माझी झाली. भाडेकरू म्हणून त्यांनी मला ठेवलंच नव्हतं. तज्ज्ञ साक्षीदार म्हणून ठेवलं होतं आणि साक्षीदाराला डोक्यावर छप्पर लागतं, म्हणून खोल्या दिल्या होत्या.

ते चौकोनी प्रकरण म्हणजे अगदी तान्ह्या पोरांचं पुस्तक होतं. पाटी हातात यायच्याही आधीचं. ज्याला अजून धड बसता येत नाही, अशा माणसासाठी पुस्तक असावं, ही कल्पनाच त्या काळी आमच्याकडे कुणाच्या डोक्यात नव्हती. मुलानं पुस्तकाला हात लावला की घरातलं कुणीतरी 'फाडशील' म्हणून ते ओढून घ्यायचं. वकिलांचं म्हणणं, ही गुन्हा व्हायच्या आधीच दिलेली शिक्षा. त्यावर उपाय एकच. फाडता येणार नाही, चावून तुटणार नाही, पाण्यात पडलं तरी उलगडणार नाही, असं पुस्तक करायचं आणि मग गुन्हेगाराला मोकळं सोडायचं.

ते पुस्तक ते स्वतः करत. जुनी धोतरं फाडून त्यांचे चौकोन कापायचे, एकावर एक चिकटवायचे आणि वऱ्हाडच्या वैशाखात अंगणात वाळवायचे. चिकटवायला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, सोलायचे, दळायचे आणि शिजवायचे, हे सगळं स्वतःच्या हातानं. बाजारच्या खळीत मोरचूद घालतात म्हणून ती त्यांना नको होती. "कसरीले जे विष, ते लेकराले पेढा होते काय?" असं ते मला विचारत, जणू बाजारात मोरचूद मीच विकायला बसलो होतो. तिकडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. दोन दुपारींत त्या धोतरांची फळी व्हायची. मात्र वाळताना ती पापडासारखी वळायची. म्हणून त्यांवर वजन पाहिजे. त्यासाठी वकील आळीतल्या घराघरांतून पाटे मागून आणत. पुस्तक वाळत असलं की राजापेठेतल्या आमच्या आळीत त्या संध्याकाळी कुणाकडे चटणी नसायची.

लोक त्यांना पुठ्ठेवकील म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. लोक काय म्हणतात हा पुरावा होत नाही, असं त्यांचं मत होतं.

कोर्टात त्यांचं नाव होतं. उलटतपासणीत भलेभले त्यांच्यापुढे तोंड लपवत. पण रस्त्यात एखादी बाई कडेवर मूल घेऊन दिसली की हा माणूस कोर्ट विसरायचा, काळ्या कोटासकट आडवा जायचा आणि विचारायचा, "दात येऊन राहिले काय?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. दात येत असतील तर ते मूल त्यांच्या कामाचं. कोटाच्या खिशातून ते पुस्तकाचं एखादं सुटं पान काढून मुलाच्या हातात देत आणि शेजारी उभे राहून पाहत. पान परत आलं की ते उजेडात धरायचं, दातांचे वळ तपासायचे. फार चावलं असेल तर चित्र आवडलं. नुसतं फेकलं असेल तर चित्रात काहीतरी खोट आहे. मुलाला ते न्यायमूर्ती म्हणत. "सगळ्यात कडक न्यायाधीश. याले लाच चालत नाही, वशिला चालत नाही आणि वकील तर मुळीच चालत नाही."

एकदा मी कॉलेजातून घरी आलो तर बैठकीत दर्यापूरकडचे एक शेतकरी बसलेले. शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण घेऊन आले होते. ते खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते आणि वकील टेबलाखाली होते. काळ्या कोटात, गुडघ्यांवर, रांगत. मी दारातच थांबलो.

"वकीलसाहेबाचं काई हरपलं काय?" शेतकऱ्यानं मला हळूच विचारलं.

टेबलाखालून उत्तर आलं, चौकशी चालू आहे, तुम्ही सांगत राहा. त्या सज्जन माणसानं धुऱ्याची सगळी हकीकत टेबलाला सांगितली. वकील मधूनमधून बाजेखाली जात, दारापर्यंत जात, परत येत आणि येताना नेमका प्रश्न विचारत. रांगत्या मुलाला घर कसं दिसतं, हे त्यांना पाहायचं होतं. संध्याकाळी त्यांनी मला निष्कर्ष सांगितला. बाळाला माणसाचं तोंड उशिरा दिसतं. आधी पाय दिसतात. म्हणून पुस्तकाचं पहिलं पान पायांचं: जोडवी घातलेले आईचे पाय.

दुसरं पान आईचं, तिसरं बाबांचं, चौथं मांजराचं. प्रत्येक चित्राखाली एकच शब्द. मग जोड्या सुरू. 'मोठं' आणि 'लहान' यांच्यासाठी मी हत्ती आणि मुंगी सुचवली. अशी पुस्तकं असती तर कुणीही हेच सुचवलं असतं. वकिलांनी माझ्याकडे मी खोटी साक्ष दिल्यासारखं पाहिलं.

"अकोल्या-अमरावतीच्या लेकरानं हत्ती पाह्यला काय? नाही. मंग हत्ती गैरहजर. ज्याले लेकरानं डोळ्यानं पाह्यलं नाही, ते या पुस्तकात दाखल होणार नाही."

हे त्यांचं एकमेव कलम. त्या कलमाखाली 'मोठं' म्हणजे जिनाकडे निघालेली कापसाची गाडी आणि 'लहान' म्हणजे सरकी. 'पांढरं' म्हणजे कापूस, 'काळं' म्हणजे माती. पांढऱ्यासाठी धोतर कोरंच ठेवलं होतं, काळ्यासाठी घरी पाडलेलं काजळ, पिवळ्याला हळद, केशरीला पळसाची फुलं. डोळ्यात घालतात, पोटात जातं किंवा अंगाला लावतात, असाच रंग वापरायचा. घोडं अडलं ते लालपाशी.

तिथं तज्ज्ञ साक्षीदार उपयोगी पडला. मी हळदीत चुना कालवून झकास लाल करून दिला. पानात चुना खातात, भाजीत हळद, तेव्हा आक्षेप घ्यायला जागा नव्हती. वकिलांनी टमाट्याचं चित्र रंगवलं. तोवर माझं लग्न झालं होतं आणि आमची मीनू दीड वर्षाची होती. म्हणजे घरच्या घरीच न्यायमूर्ती. लिंबू पिळलेला वरणभात खाऊन आलेल्या मीनूनं ते टमाटं चाटलं आणि ते पिवळं झालं. आंबटाला लागलं की ती लाली जाते, हे मी रोज कॉलेजात शिकवत होतो. घरी मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. वकील थक्क झाले. मीनू मात्र थक्क झाली नाही. लाल वस्तू चाटली की पिवळी होते, एवढं ज्ञान तिनं पदरात पाडून घेतलं आणि कामाला लागली. आईचं लाल लुगडं चाटलं, आजीच्या कपाळावरचं कुंकू चाटलं, आणि एके दिवशी राजापेठेत माझा हात सोडून धावत जाऊन टपालपेटी चाटली. आमच्या पुस्तकातून मुलं जे शिकली, त्यातलं हे पहिलं. लाल पान रद्द झालं.

तिचं आवडतं पान वेगळंच होतं. डाव्या बाजूला उंबरठ्याच्या बाहेर बसलेलं मांजर, उजव्या बाजूला तेच मांजर उंबरठ्याच्या आत. त्या पानाचा तिनं खेळ केला होता. वकिलांना ओसरीवर पाठवायचं आणि म्हणायचं, बाहेर. ते आत आले की म्हणायचं, आत. कोर्टात पक्षकारांना ताटकळत ठेवणारा हा माणूस एका दीड वर्षाच्या मुलीच्या हुकमानं गुडघे दुखेपर्यंत आत-बाहेर करायचा.

मला कोडं होतं ते वेगळं. एवढं सगळं चाललं होतं कुणासाठी? एकटा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. छापून विकायचा विचारही नाही. मी आलो त्या पहिल्या दिवसांत एकदा विचारलंही होतं. तेव्हा ते म्हणाले होते, घाई नाही, गिऱ्हाईक अजून पाळण्यात आहे. कोणतं गिऱ्हाईक, ते काही सांगितलं नाही. कानशीनं पानांचे कोपरे गोल करत बसले. लेकराच्या डोळ्याला लागू नयेत म्हणून कोपरे गोल लागत. दुपारभर तो कर्र कर्र आवाज चालायचा.

कोडं सुटलं ते सुमनमुळे. सुमन म्हणजे माझी बायको. तिचं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. लग्न होऊन ती पहिल्यांदा या घरात आली आणि वकिलांना पाहून चमकलीच. मला आत ओढून म्हणाली, हे तर कुसुमताईचे वडील. तिच्या माहेरच्या गल्लीतच कुसुमताई गावंडे राहायची.

सगळी हकीकत तिच्याकडून कळली. कुसुम वकिलांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर तिला त्यांनीच वाढवलं. कॉलेजात असताना तिनं एक मुलगा पसंत केला. दर्यापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला, शिकून मास्तर झालेला. वकिलांनी त्याला बैठकीत बसवलं आणि त्याची उलटतपासणी घेतली. शेती किती, भाऊ किती, शिकायला कुठं होता. गावंडे सरळ उत्तरं देत गेले. शेवटी वकिलांनी विचारलं, घरी पुस्तकं किती?

"एकबी नाही जी," गावंडे म्हणाले. "शिकलेला मीच पयला."

आणि वकील हसले.

लग्नाला ते नाही म्हणाले नव्हते. जातीचंही बोलले नव्हते. त्या हसण्यात ती होती की नव्हती, हे त्यांचं त्यांनाच माहीत. पण कुसुम दारामागून बाहेर आली, 'बाबा, तुमी हसले' एवढंच म्हणाली आणि निघून गेली ती परत या घरात आली नाही. भांडण असं झालंच नाही. ती येत नव्हती, हे जात नव्हते. मध्ये अकोल्यापर्यंतचा मोटारीचा रस्ता होता आणि तो फक्त आपल्याकडे येतो, आपल्याकडून निघत नाही, असं समजून दोघंही वागत होते. मग तिला मुलगा झाल्याचं कुणाच्या तरी तोंडून वकिलांच्या कानावर आलं. त्याच आठवड्यात त्यांनी पहिलं धोतर फाडलं.

आता मला सगळं वेगळं दिसायला लागलं. ज्या घरात एकही पुस्तक नाही म्हणून ते हसले होते, त्या घरात त्यांना एक पुस्तक न्यायचं होतं. आणि ते बिनचूक पाहिजे होतं. इतकं बिनचूक की त्याला कुणाला हसता येणार नाही.

त्यामुळे ते कधी पक्कंच होईना. मी त्या घरात राहायला आलो तेव्हा कुसुमचा मुलगा पाळण्यात होता. तो बसायला लागला तेव्हा वकिलांची खळ कडू होती. तो चालायला लागला तेव्हा पानं वळत होती. तो घडाघडा बोलायला लागला तेव्हा लाल पिवळं होत होतं. एकदा तर ते पुस्तक घेऊन अकोल्याला निघालेही. संध्याकाळी पाहतो तर ओसरीवर परत हजर, आणि कानस चालू. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा पुस्तकावरून बोट फिरवून पाहिलं, कोपरा बोचत होता, म्हणून उतरून परत आलो, म्हणाले. त्यानंतर असं आणखी एकदा झालं. कोपरा मूर्तिजापूरलाच का बोचतो, हा प्रश्न मी रसायनशास्त्राच्या बाहेरचा म्हणून सोडून दिला.

शेवटी शेवटी पुस्तकात काही करायला उरलं नव्हतं. सुमन एका दुपारी ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. सहज पुस्तक चाळताना तिनं शेवटचं पान पाहिलं. ते कोरं होतं. ती म्हणाली, आई आहे, बाबा आहेत, इथं आजोबा काढा ना वकीलसाहेब.

वकिलांची कानस थांबली नाही. "कलम माहीत आहे न तुमाले, सूनबाई. लेकरानं ज्याले पाह्यलं नाही, ते दाखल होत नाही."

सुमननं पुस्तक मिटून ठेवलं. 

मग जून आला. सुमन माहेरी जाऊन आली आणि सामान ओसरीवरच ठेवून वकिलांसमोर उभी राहिली. कुसुमताईचा मुलगा यंदा शाळेत जायला लागला, म्हणाली. दप्तर घेऊन जातो आणि रस्त्यानं दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत जातो.

कानस थांबली. वकिलांनी विचारलं, जोडाक्षरंसुद्धा? सुमन म्हणाली, जोडाक्षरंसुद्धा. वकिलांनी हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"मंग आमचं गिऱ्हाईक गेलं," ते म्हणाले. "थोडं लवकर पक्कं झालं असतं तर..."

माझी बायको जुन्या शहरातली आहे. आमच्या साताऱ्याकडे असलं बोलणं मनात ठेवतात. तिच्याकडे तसा रिवाज नाही.

"पुस्तक तं कवाच पक्कं झालं, वकीलसाहेब," ती म्हणाली. "तुमचंच पक्कं होऊन नाही राहिलं."

आता खोल्या रिकाम्या कराव्या लागणार, असं माझ्या मनात आलं. पण वकिलांनी कानस खाली ठेवली. उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. अंगात धुतलेला कोट होता आणि काखेत उपरण्यात बांधलेलं पुस्तक. चला सातारकर, म्हणाले, साक्षीदार पाहिजे.

मोटारीत आमच्या शेजारी एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. वकिलांनी सवयीनं विचारलं, दात येऊन राहिले काय? ती म्हणाली, हो ना जी, दोन रात्री झोप नाही. मूल किरकिरायला लागलं तसं वकिलांनी उपरणं सोडलं आणि पुस्तक त्याच्या पुढ्यात धरलं. मुलानं ते दोन्ही हातांनी पकडलं, कोपरा तोंडात घातला आणि गप्प झालं. मूर्तिजापूर आलं. गाडी थांबली. वकिलांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. ते उतरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण पुस्तक मुलाच्या तोंडात होतं आणि ते काढून घ्यायला लागलं की मूल रडत होतं. न्यायमूर्तींच्या तोंडातून पुस्तक ओढायचं, हे वकिलांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. गाडी सुटली. त्या मुलाचं नाव मला माहीत नाही, पण त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

मोर्णेचा पूल ओलांडून आम्ही जुन्या शहरात शिरलो. गल्ली मला सासुरवाडीमुळे माहीत होती. गावंड्यांच्या दारात पायरीवर एक मुलगा बसला होता. कुणाचा आहे, ते सांगायची गरज नव्हती. त्याची बसायची ढब वकिलांचीच होती.

"कोण पाहिजे?" त्यानं विचारलं.

उलटतपासणीत ज्यांचं नाव, तो माणूस आता स्वतः पिंजऱ्यात होता. त्यांनी नुसतं पुस्तक पुढे केलं. मुलानं ते घेतलं, मांडीवर ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. पाय. आई. बाबा. मांजर. मोठं. लहान. पांढरं. काळं. वकिलांनी उपरण्यानं तोंड पुसेपर्यंत त्याचं अर्धं पुस्तक झालं होतं. इतकी वर्षं, इतकी धोतरं, आळीतले सगळे पाटे आणि हा पोरगा सरसर पानं उलटत होता. मला पाहवेना.

"हे तं लहान लेकरायचं आहे," तो म्हणाला.

"हो बाप्पा," वकील म्हणाले. "मले उशीर झाला."

पुराव्याशिवाय त्यांनी एखादी गोष्ट कबूल केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मुलगा शेवटच्या पानाशी आला होता. हे कोरं कावून, असं त्यानं विचारलं.

"तिथं जो माणूस पाह्यजे, तो तू कधी पाह्यला नव्हता," वकील म्हणाले.

तेवढ्यात आवाज ऐकून गावंडे मास्तर बाहेर आले. वकिलांना पाहून ते उंबरठ्याच्या आतच थबकले. त्यांच्यामागे भिंतीला लागून पुस्तकांचं एक कपाट दिसत होतं. वकिलांनीही ते पाहिलं. त्यांनी हात जोडले. मी त्यांना कोर्टात न्यायाधीशापुढे हात जोडताना पाहिलं होतं, पण ते असे नव्हते.

"मास्तर," ते म्हणाले, "मी हसलो होतो."

गावंडे बाजूला सरकले.  त्यांच्यामागे कुसुम उभी होती. ती पुढे आली. वडिलांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मुलाच्या हातातलं पुस्तक घेतलं, हुंगलं, आणि त्याचा एक कोपरा दाढेखाली धरून हळूच चावला.

"चिंचोका," ती म्हणाली. "तुमच्या टेबलाखाली बसून मी कागद चिकटवायच्या खळीची वाटी चाटली होती, आठवते काय? तुमी डॉक्टरले घेऊन आले होते."

"आठवते न," वकील म्हणाले. "तवापासून मोरचूद बंद केला."

तिनं डोळे पुसले आणि पुस्तक मुलाला परत दिलं. "मंग आता बाहेर कावून उभे, बाबा?" ती म्हणाली.

वकील तिथंच उभे होते. पायात जोडे, हातात रिकामं उपरणं. मुलानं त्यांच्याकडे पाहिलं. मग घाईघाईनं पुस्तकाची पानं उलटून त्यानं मांजराचं पान शोधून काढलं, डाव्या बाजूच्या चित्रावर बोट ठेवलं आणि पुन्हा आजोबांकडे पाहिलं.

"बाहेर," तो म्हणाला.

वकिलांनी जोडे काढले आणि उंबरठ्याच्या पलीकडे पाय ठेवला. मुलाचं बोट उजव्या चित्रावर गेलं.

"आत," तो म्हणाला.

मी गल्लीतच उभा होतो. साक्षीदाराला कुणी हाक मारली नाही. मी तसाच पुढे सासऱ्यांकडे चहाला गेलो आणि वाटेत मला रडू आलं, हेही सांगून टाकतो.